साठपैकी साठ

आपल्याला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही, असं वनमालाबाई परबांचं ठाम मत होतं आणि ते त्या वरचेवर बोलून दाखवत. भाजीवाल्याचा काटा त्या आधी रिकामा बघत, मगच त्यावर भेंडी ठेवू देत. दवाखान्यात ताप मोजला तरी घरी येऊन आपल्या थर्मामीटरवर पुन्हा मोजत. नवरा राजेश पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या लग्नात हिनं पत्रिका मागितली नाही, मार्कशीट मागितली. तीही ओरिजिनल." मुलुंडच्या ज्या कॉलेजात त्या बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होत्या तिथली मुलं पाठीमागं त्यांना 'टीसी मॅडम' म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

अशा बाईंच्या टेबलावर जानेवारीतल्या एका शुक्रवारी संघमित्रा इंगोलेचे साठ फॉर्म आले.

नव्या अभ्यासक्रमानं सायन्स आणि आर्ट्सला एकाच दावणीला बांधलं होतं. सेकंड इयरच्या मुलांनी जोडीजोडीनं प्रकल्प करायचा होता. आर्ट्सच्या मुलानं एखाद्या वस्तीत जाऊन साठ घरांत पाण्याबद्दल प्रश्न विचारायचे आणि फॉर्म भरायचे, आणि त्याच साठ घरांतलं पिण्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं. सायन्सच्या जोडीदारानं ते लॅबमध्ये तपासायचं. फॉर्म वनमालाबाईंकडे, बाटल्या केमिस्ट्रीच्या मार्तंड सरांकडे. संघमित्राचं सोशिऑलॉजी होतं आणि तिचा जोडीदार प्रीतम केमिस्ट्रीचा. त्यांनी घाटकोपरला असल्फ्याच्या पुढं डोंगराच्या कडेची एक बिल्डिंग घेतली होती. झोपड्या तोडून पुनर्वसनात बांधलेली, सात मजल्यांची, दोन विंगांची.

फॉर्म वनमालाबाईंनी स्वतः तयार केला होता. अठरा प्रश्न. पाणी किती वाजता येतं, कशात साठवता, प्यायला पालिकेचं वापरता की बोअरचं, वगैरे. बाईंनी लाल पेन घेतला आणि पहिल्या तीन प्रश्नांपर्यंत त्यांना काही खटकलं नाही. चौथ्या प्रश्नाशी त्या थांबल्या. 'घर स्वतःचं की भाड्याचं?' पहिल्या फॉर्मवर स्वतःचं. दुसऱ्यावर स्वतःचं. बाईंनी भराभर पानं उलटली. स्वतःचं, स्वतःचं, स्वतःचं. साठपैकी साठ.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मुंबईत साठ दारं वाजवावीत आणि त्यांत एकही भाडेकरू निघू नये? त्यांच्या स्वतःच्या सोसायटीत अठ्ठावीस घरांत नऊ भाडेकरू होते. माणसं इतकी एकसारखी नसतात. एकसारखं असतं ते फक्त घरी बसून, पंख्याखाली लोळत भरलेलं. पोरीनं बाकीच्या प्रश्नांना जरा इकडंतिकडं केलं असणार आणि हा प्रश्न कंटाळून एकाच दमात भरून टाकला असणार. शिवाय साठही फॉर्मांवर अक्षर एकच, शाई एकच.

मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. फॉर्म वाटले त्या दिवशी वर्गात हीच मुलगी उठून उभी राहिली होती. "मॅडम, चौथा प्रश्न काढला तर चालेल का?" तिनं विचारलं होतं. "माझ्या फॉर्मला कोणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या होत्या आणि ती खाली बसली होती. तेव्हापासूनच हिच्या डोक्यात काम टाळायचं होतं तर. बाईंनी फॉर्मांच्या गठ्ठ्याला रबर लावलं आणि शिपायाला तिला बोलवायला पाठवलं.

संघमित्रा आली. सडपातळ, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, खांद्याला कापडी पिशवी. वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसे आणि फारशी बोलत नसे.

"हे साठ फॉर्म तू भरलेस?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम."

"घरोघर जाऊन?"

"हो."

"आणि साठच्या साठ लोकांनी सांगितलं की घर स्वतःचं आहे?"

संघमित्रानं एकदा गठ्ठ्याकडं बघितलं. "त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिलं, मॅडम."

"बरं. मग असं कर. कुठला फॉर्म कुठल्या घराचा, ती यादी असेलच तुझ्याकडं. ती दे. मी चार घरांत विचारून येते, म्हणजे विषय संपला."

"यादी आहे मॅडम. पण देता नाही येणार."

"का?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना. नाव, घर नंबर कोणालाच द्यायचा नाही. मी प्रत्येकाला तसा शब्द दिलाय."

"अगं, कोणाला म्हणजे बाहेरच्याला. मी तुझी शिक्षिका आहे."

"तसं मी त्यांना सांगितलं नव्हतं, मॅडम."

आता हे उत्तर ऐकून दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेला कौतुक वाटलं असतं. वनमालाबाईंनी कान टवकारले. आपलंच लेक्चर आपल्याच अंगावर फेकणारी मुलं त्यांनी बावीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांतलं एकही साधं नव्हतं.

"ही बिल्डिंग तुला सापडली कशी?"

"ओळखीची आहे." संघमित्रा खाली बघत म्हणाली. तिच्या प्रवेशाच्या कागदांवर पत्ता कुर्ल्याचा होता, तो बाईंनी आधीच काढून बघितला होता. कुर्ल्याची मुलगी आणि बिल्डिंग असल्फ्याची. इथं पाणी मुरतंय, याबद्दल बाईंना आता शंका उरली नाही.

"सोमवारपर्यंत यादी आण," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला परीक्षा समितीकडं रिपोर्ट द्यावा लागेल. खोटी माहिती म्हणजे कॉपीच. वर्ष जाईल तुझं, आणि स्कॉलरशिपही. समजतंय ना?"

"समजतंय मॅडम," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण यादी तिनं दिली नाही.

प्रीतमला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, मी लॅबचं बघत होतो. बाटल्या तिनंच आणल्या, मी फक्त सील करून नंबर टाकले." म्हणजे साक्षीदारही नाही. बाटल्या तपासल्याही नव्हत्या. डिसेंबरात लॅबचं मीटर बिघडलं होतं आणि नवं येईपर्यंत सगळ्या जोड्यांच्या बाटल्या मार्तंड सरांच्या कपाटात कुलपात पडून होत्या. साठ बाटल्या एका नळावर भरायला असा किती वेळ लागतो, बाईंच्या मनात आलं.

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे राजाराममामांचा फोन आला. मामा ऐंशीचे झाले होते, कणकवलीकडं गावी राहत आणि दर शुक्रवारी न चुकता फोन करत. वनमालाबाईंना पहिली कंपासपेटी त्यांनीच आणून दिली होती, पितळेच्या कर्कटकाची. ती अजून घरात होती.

"काय गो वनू, पोरांका अजून छळतंस काय?" मामांनी विचारलं.

"पोरंच मला छळतात, मामा. एकीनं सगळा सर्व्हे खोटा लिहून आणलाय."

"खोटा कशावरना?"

"कळतं मला."

"जरा दमान घे गो," मामा म्हणाले. "लहान पोर असतला." आणि मग त्यांनी आपल्या गुडघ्यांचा विषय काढला.

दमानं घेणं हा वनमालाबाईंचा पिंडच नव्हता. यादी मिळत नाही ना, मग बिल्डिंग तर माहीत आहे. सात मजले आणि दोन विंगा. कुठलीही दहा दारं वाजवली तरी दोनतीन जणांना ही मुलगी आठवायलाच हवी. शनिवारी अकरा वाजता त्या रिक्षातून बिल्डिंगच्या गेटाशी उतरल्या. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात फाइल, फाइलीत कोरे फॉर्म. ते ओळखपत्र नेहमी उलटं फिरायचं आणि त्याची पांढरी बाजू पुढं यायची. त्या दिवशीही ते उलटंच होतं.

वॉचमन खुर्चीतून उठला. "कुठून, मॅडम? ऑफिसातून?"

बाईंना त्याला सगळी कथा सांगत बसायचं नव्हतं. "सर्व्हेचं चेकिंग आहे," त्या म्हणाल्या आणि पुढं गेल्या. यात काही खोटंही नव्हतं. लिफ्टपाशी वळताना त्यांनी बघितलं, वॉचमननं खिशातून फोन काढला होता.

पहिल्या मजल्यावर दोन दारं उघडली, दोन्हींत "नाही" मिळालं. दुसऱ्या मजल्यावर आतून टीव्ही ऐकू येत होता तो बेल वाजताच बंद झाला, आणि दार उघडलंच नाही. तिसऱ्यावर एका म्हाताऱ्यानं फटीतून बघितलं आणि बाईंनी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "घर आमचंच आहे. पहिल्यापासून."

"मी घराचं विचारायला आले नाही, आजोबा. महिना-दीड महिन्यामागं एक कॉलेजची मुलगी पाण्याचा सर्व्हे करायला आली होती का?"

"कोणी आलं नाही. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही," तो म्हणाला आणि दार लावलं.

चौथ्या मजल्यावर एक तरुण बाई म्हणाली, आम्ही पाहुणे आहोत, घरचे लोक लग्नाला गेलेत. बाहेर दोरीवर तिच्या पोराचा शाळेचा गणवेश वाळत होता. तोही बाईंनी बघितला. पण संशयाचं एक असतं, तो एकदा एका दिशेला लागला की बाकी सगळं त्याला दिसूनही दिसत नाही. बाईंना मुलगी खोटी ठरवायची होती, आणि प्रत्येक दारातून त्यांना तीच साक्ष मिळत होती.

मधल्या आणखी चार दारांतही हेच झालं. शेवटचं, दहावं दार पाचव्या मजल्यावरचं. दारावर 'कदम' अशी जुनी पाटी. दार उघडणाऱ्या बाईचे हात पिठानं भरलेले होते. मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. जमिनीवर परात, परातीत भाकरीचं पीठ.

"संघमित्रा इंगोले नावाची मुलगी इथं सर्व्हेला आली होती का?" बाईंनी विचारलं.

त्या बाईचा चेहरा एकदम उतरला. तिनं फाइलीकडं बघितलं, पांढऱ्या ओळखपत्राकडं बघितलं, बाईंच्या हातातल्या पेनकडं बघितलं.

"काय केलं तिनं?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणजे आली होती?"

"नाही, नाही," ती घाईनं म्हणाली. "असी कोनती पोरगी मले माहीत नाही, ताई. नाही आली." आणि पिठाचे हात तसेच दाराला लावून तिनं दार लोटून घेतलं.

दहा दारं, दहा नकार. वनमालाबाईंना खाली उतरताना अगदी हलकं वाटलं. आपण बरोबर होतो, याच्याइतकं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळत नसे. सोमवारी संघमित्रा आली नाही, यादीही आली नाही. बाईंनी दीड पानी रिपोर्ट लिहिला, 'प्रत्यक्ष पडताळणी केली असता' हे शब्द ठसठशीत लिहिले, आणि परीक्षा समितीला देऊन टाकला.

बुधवारी दुपारी मार्तंड सर स्टाफरूममध्ये आले. शांत माणूस, कपड्यांना कायम लॅबचा वास. "परबबाई, मीटर आलं एकदाचं," ते म्हणाले. "सगळ्या जोड्यांचे टीडीएसचे आकडे काढलेत. तुमच्या फॉर्मांशी लावून घ्या, मार्क दोघांनी मिळून द्यायचेत."

पालिकेच्या पाण्यात क्षार कमी, बोअरच्या पाण्यात जास्त, आणि टीडीएसचं मीटर तेच आकड्यात सांगतं. एवढं बाईंना माहीत होतं. संघमित्राच्या जोडीच्या आकड्यांचा तक्ता त्यांनी बाजूला टाकला होता. मग पुराव्याला आणखी एक कागद जोडता येईल म्हणून पुन्हा उचलला. साठ बाटल्या एकाच नळावर भरल्या असतील तर साठ आकडे सारखे येतील.

ते सारखे नव्हते. ६४. ७१. ४३८. ६८. ४५५. २१२. बाईंनी चष्मा पुसला आणि फॉर्म काढले. बाटली क्रमांक तीन, ४३८. फॉर्म तीन, 'प्यायला बोअरचं, सकाळचं पाणी भरायला घरी कोणी नसतं'. बाटली सहा, २१२. फॉर्म सहा, 'दोन्ही मिसळून'. बाटली अकरा, ६६, फॉर्म अकरा, 'पालिकेचं, पहाटे उठून भरतो'. बाई एकेक लावत गेल्या. चहा आला, निवला, शिपाई तो उचलून घेऊन गेला. साठपैकी सत्तावन्न तंतोतंत जुळले. तीन जुळले नाहीत, आणि बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईंना त्या तिघांनीच जास्त घाबरवलं. खोटं लिहिणाऱ्यानं साठच्या साठ जुळवले असते.

त्यांनी शेवटची धडपड करून बघितली. असलं मीटर बाजारात मिळतं. मुलीनं आधी पाणी मोजलं असेल, मग त्यावर बेतून उत्तरं लिहिली असतील. पण मोजायला पाणी हवं. साठ घरांतलं पाणी आणायला साठ दारं वाजवायलाच हवीत. खोटं लिहायलासुद्धा तिला तिथं जावंच लागलं असतं.

म्हणजे ती गेली होती. साठही घरांत गेली होती, लोकांनी तिला घोटभर पाणीही दिलं होतं. मग दहा दारांनी नाही का म्हटलं?

बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. 'घर आमचंच आहे, पहिल्यापासून.' न विचारता. 'आम्ही पाहुणे आहोत.' आणि दोरीवर शाळेचा गणवेश. आणि मग एकदम त्यांना लालबागची त्यांची खोली आठवली.

राजाराममामा त्यांचे मामा नव्हते. वडील गिरणीत होते, पगार पुरत नसे, म्हणून आईनं दहा बाय बाराच्या खोलीत मध्ये चादर लावून अर्धी बाजू गिरणीत वडिलांच्याच खात्यात काम करणाऱ्या कणकवलीकडच्या एका माणसाला भाड्यानं दिली होती. पोटभाडेकरू ठेवायला चाळीत बंदी होती. मालकाचा माणूस फाइल घेऊन तपासायला यायचा, तेव्हा आई सहा वर्षांच्या वनूला दारात उभी करायची. "कोण आहे गं आत?" तो विचारायचा. "माझा मामा," वनू सांगायची. "गावाहून आलाय." सहा वर्षं सांगितलं, आणि एकदाही पापणी हलली नाही. पुढं ते इतकं खरं झालं की आपण कधी खोटं बोललो होतो हेच त्या विसरून गेल्या होत्या.

पुनर्वसनाच्या घरांचं त्यांना काय माहीत नव्हतं? सगळ्या मुंबईला माहीत असतं. ती घरं अशी परस्पर भाड्यानं द्यायची नसतात, आणि तरी दिलेली असतात. कोणी कागद घेऊन आलं की तिथला भाडेकरू दुसरं काय सांगणार? साठच्या साठ जण 'स्वतःचं' म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? आकडा खोटा होता, पण मुलीनं तो अगदी खरा लिहून आणला होता. आणि असा प्रश्न विचारू नये हे तिनं वर्गात उठून सांगितलं होतं, तेव्हा आपण तिला खाली बसवलं.

कपाटात त्याच वर्गातल्या, विलेपार्ल्याच्या श्रुतिकाचे फॉर्म पडले होते. स्वतःच्या सोसायटीतला सर्व्हे, रंगीत आलेख, प्लॅस्टिकचं कव्हर. त्या साठ फॉर्मांत एकही माणूस 'माहीत नाही' म्हणाला नव्हता, तरी बाईंनी त्यावर न बघता सही केली होती. श्रुतिकाची आई त्यांची मैत्रीण होती. ते का खटकलं नाही आणि हे का खटकलं, याचं उत्तर बाईंना शोधावं लागलं नाही. ते समोरच होतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्याच दुपारी त्या परीक्षा समितीकडं गेल्या आणि रिपोर्ट मागं घेतला. 'चूक माझी आहे' असं लेखी दिलं. समितीचे सर हसले. "टीसी मॅडमनी पहिल्यांदा कोणाला सोडलं," ते म्हणाले. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी संघमित्राच्या नंबरवर चार वेळा फोन केला. तो बंद होता.

संघमित्रा आली ती शुक्रवारी, तोंडी परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, सगळी मुलं होऊन गेल्यावर. तीच घट्ट वेणी, पण डोळे न झोपल्यासारखे. तिच्या हातात चौपदरी घडी घातलेला कागद होता.

"मॅडम, यादी आणलीये," ती म्हणाली. "आता काही फरक पडत नाही. घ्या."

"नको," बाई म्हणाल्या. "ठेव तुझ्याकडं. फाडून टाक. संघमित्रा, तुझे फॉर्म खरे आहेत. मला कळलंय. रिपोर्ट मी मागं घेतलाय. माझं चुकलं."

तिनं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर काही उजळलं नाही.

"फरक पडत नाही म्हणजे?" बाईंनी विचारलं. "काय झालं?"

"तुम्ही आलेल्या ना, मॅडम, शनिवारी. वॉचमननं सगळ्यांना फोन केला, पुनर्वसनाच्या ऑफिसातून चेकिंग आलंय म्हणून. घरमालक घाबरले. आमच्या मजल्यावरच्या तिघांना रूम खाली करायला सांगितली. वरचे दोघं आधीच गेले. आमच्या मालकांनी आजपर्यंत टाइम दिलाय."

"आमच्या?"

"आम्ही तिथंच राहतो ना. भाड्यानं. कुर्ल्याचा पत्ता मावशीचा आहे, कागदावर तोच लागतो. पाचवा मजला, कदमांची पाटी. माझी आई होती ती, चंपा इंगोले. तुम्ही माझं नाव घेऊन विचारलं, तिला वाटलं मला पकडायला आलेत. म्हणून तिनं ओळख दिली नाही."

वनमालाबाईंना पिठाचे हात आठवले. 'काय केलं तिनं?' असं विचारलेलं आठवलं. त्यांनी गठ्ठा ओढला आणि विचारलं, "तुमचा फॉर्म कुठला?"

"एकतीस."

एकतीस नंबर. प्रश्न चौथा, घर: स्वतःचं.

"आईला मी विचारलं तसं तिनं सांगितलं," संघमित्रा म्हणाली. "ती म्हणाली, लिही, सगळ्यांचं लिहिलंस तसं आपलंही लिही. मला माहीत होतं खोटं आहे. पण तुम्ही शिकवलेलं, समोरचा सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही."

"मी येते तुझ्याबरोबर," बाई उठून उभ्या राहिल्या. "आत्ता येते. वॉचमनला सांगते, मालकांना सांगते, मी शिक्षिका आहे, ऑफिसातून कोणी नाही आलेलं."

"नको, मॅडम." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "परत नका येऊ. प्लीज. सगळे आधीच म्हणतायत, इंगोल्यांच्या पोरीनं फॉर्म भरून घेतले आणि ऑफिसात नेऊन दिले. आता तुम्ही पुन्हा आलात तर त्यांना पक्कंच वाटेल. काहीही सांगितलंत तरी कोणाला खरं नाही वाटणार."

बाई खाली बसल्या. हे त्यांना कळत होतं, दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त कळत होतं.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. विद्यार्थिनीला त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

संघमित्रानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "तोंडी परीक्षा घ्या ना, मॅडम. आज शेवटचा दिवस आहे. टेम्पो तीनला यायचाय."

बाईंनी मार्कांचा तक्ता पुढं घेतला. तोंडी परीक्षेचे प्रश्न छापलेले होते, सगळ्या मुलांना तेच. आठवडाभरात पन्नास वेळा विचारून ते त्यांना पाठ झाले होते. पहिला प्रश्न त्यांनी सवयीनं वाचला, आणि वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय विचारलं.

"माहिती गोळा करताना तुला कोणती अडचण आली?"

संघमित्रानं थोडा विचार केला. परीक्षेत विचार करून, नीट, पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं तसं तिनं उत्तर दिलं.

"गोळा करताना काही अडचण आली नाही, मॅडम. लोकांनी बसायला सांगितलं, चहा विचारला, पाणी दिलं. अडचण तपासताना आली."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. रकान्यात पंचवीसपैकी पंचवीस लिहिले, सही केली, आणि तक्ता तिच्याकडं वळवून दाखवला. संघमित्रानं आकडा वाचला, "थँक यू मॅडम" म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. दारात थांबून तिनं यादीचा कागद चार तुकड्यांत फाडला, पण तुकडे तिथल्या डब्यात टाकले नाहीत. ते तिनं मुठीत धरून बरोबर नेले.